सक्सेशनमध्ये राहून गेलेली खाती: दाखल्याची व्याप्ती वाढवून कशी घ्यावी

कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे मयताच्या ठेवी, शेअर आणि येणे पैसे वसूल करण्याचा उत्तराधिकार दाखला, मिळालेले असते, बँकेतले पैसे वारसांत वाटूनही झालेले असतात. मग वर्ष-दीड वर्षाने कपाटातल्या जुन्या डायरीत एका पतसंस्थेची ठेव पावती सापडते, किंवा एखाद्या कंपनीकडून लाभांशाचे पत्र येते. तोच दाखला घेऊन शाखेत गेले की उत्तर मिळते, "यात आमचे खाते नाही." शाखेचे म्हणणे बरोबर असते. सक्सेशनच्या मागे जोडलेली यादी जेवढी, तेवढाच दाखलेधारकाचा अधिकार.

अशा वेळी पुष्कळ जण सगळे पहिल्यापासून सुरू करतात: नवा अर्ज, नवी जाहीर नोटीस, नव्या तारखा. त्याची गरज नसते, आणि कायद्याने ते धोक्याचेही आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ३८५ प्रमाणे पहिला दाखला अमलात असताना त्याच इस्टेटीवर घेतलेला दुसरा दाखला अवैध ठरू शकतो. बरोबर रस्ता कलम ३७६ चा आहे. दाखला ज्याच्या नावावर आहे त्याने अर्ज केला, तर मूळ यादीत नसलेले येणे किंवा रोखे कोर्ट त्या दाखल्यात वाढवून देऊ शकते, आणि वाढवलेली बाब जणू पहिल्याच दिवशी यादीत होती असे मानले जाते.  एकदाच वाढवता येते असे कायदा म्हणत नाही आणि त्याला मुदतीची अटही घातलेली नाही.

हातात नेमका कोणता कागद आहे

घरात सगळेच त्याला "वारस दाखला" म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. अर्ज लिहिण्याआधी हुकुमाचा पहिला परिच्छेद वाचा.

कलम ३७२ चा उल्लेख असेल तर ते सक्सेशन. ते येणे रकमा आणि रोखे यांच्यापुरतेच चालते: ठेवी, खात्यातली शिल्लक, शेअर, डिबेंचर, कोणाकडून यायचे पैसे. घर, प्लॉट, शेती, दागिने, गाडी यांना ते लागू नाही, त्यामुळे वाढीव यादीत सिडकोतला फ्लॅट घालून उपयोग नाही.

"मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७" असे लिहिले असेल तर ती हेअरशिप. तिच्याने वारस कोण हे ठरते. तिला ३७६ लागत नाही.

"लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन" असेल तर ते प्रशासनपत्र. त्यात प्रशासकाला मयताच्या इस्टेटीवर एकूण अधिकार मिळतो आणि त्याच्या मुदतवाढीचे नियम वेगळे आहेत. ते पुढे सांगितले आहेत.

शेतजमिनीसाठी यातले काहीच मागत बसू नका. सातबाऱ्यावरची वारस नोंद गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे होते. अर्ज ई-हक्क पोर्टलवरून करता येतो.

दाखला सक्सेशनचाच निघाला, तरी आणखी एक फरक पाहून घ्या. खाते यादीत आहे, पण दाखल्यात फक्त व्याज किंवा लाभांश घेण्याचा अधिकार दिला आहे आणि आता शेअर विकायचे किंवा नावावर करायचे आहेत, असे असेल तर ती दुरुस्ती कलम ३७८ खाली होते. खाते यादीत आहे पण क्रमांकातला एक आकडा चुकला, नावात काना-मात्रेची चूक राहिली, तर ती लेखनिक चूक. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली साधा दुरुस्ती अर्ज पुरतो आणि कोर्ट फीचा बोजा पडत नाही. जी बाब यादीत मुळातच नाही, तिच्यासाठीच ३७६.

आधी शोध पूर्ण करा

३७६ चा अर्ज कितीही वेळा करता येतो, म्हणून तो पाच वेळा करावा असे नाही. प्रत्येक फेरीत वकील फी, शपथपत्रे, नकला आणि सगळ्या वारसांच्या सह्या पुन्हा लागतात. त्यातला एक भाऊ पुण्यात आणि बहीण सुरतेला असेल तर सह्यांनाच महिना जातो. एक ठेव सापडली म्हणून दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊ नका. दोन-तीन आठवडे नीट शोधात घाला.

सर्वांत उपयोगी कागद प्राप्तिकराचा आहे. मयताच्या पॅनवर आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करता येते. नोंदणी मंजूर झाली की वार्षिक माहिती पत्रक उघडते. कोणत्या बँकेने किती व्याज दिले आणि कोणत्या कंपनीने किती लाभांश दिला, हे त्यात संस्थेच्या नावासह दिसते. कपाटात पासबुक नसले तरी व्याजाची नोंद तिथे सापडते. मात्र ज्या संस्थेने व्याज कळवलेच नसेल ती दिसणार नाही, आणि छोट्या पतसंस्थांच्या बाबतीत हे हमखास होते. त्यांच्यासाठी पिग्मी एजंटाला विचारा, आणि जुन्या पासबुकात दर महिन्याला सारख्या रकमेने कुठे पैसे जात होते ते पाहा.

दहा वर्षांत व्यवहार न झालेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग करतात. त्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून लागतो. निधीत गेले म्हणून पैसे बुडत नाहीत. मागणी मूळ बँकेकडेच करायची असते. शेअरचे तसेच आहे: सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात आणि त्या निधीच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. डीमॅट खाते असेल तर डिपॉझिटरीचे, म्हणजे डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेचे, एकत्रित विवरण मागवा. म्युच्युअल फंडही त्यात येतात.

जुन्या कागदावरचे बँकेचे नाव आज नसेल तर गोंधळू नका. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात आहेत. सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनल बँकेत गेल्या, त्या १ एप्रिल २०२० पासून. यादीत दोन्ही नावे लिहा: "पूर्वीची देना बँक, आता बँक ऑफ बडोदा, अमुक शाखा". कंपन्यांचेही तेच. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि जुन्या २५ शेअरमागे नवे ४२ मिळाले. जुन्या प्रमाणपत्रावरचा आकडा यादीत तसाच उतरवला, तर दाखला आणि कंपनीचे रजिस्टर जुळत नाही आणि अर्ज परत येतो.

कोर्टाशिवाय जे सुटते ते आधी वेगळे काढा

वाढीव यादीतल्या प्रत्येक रुपयावर कोर्ट फी बसते. म्हणून प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न लिहा: हिला दाखला खरोखर लागतो का?

नामनिर्देशन असेल, किंवा खाते "दोघांपैकी एक किंवा हयात" अशा पद्धतीचे असेल, तर लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि मागणीचा नमुना पुरतो. नामनिर्देशन नसले तरी बँकांसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत, किंवा बँकेने स्वतः ठेवलेल्या त्याहून मोठ्या मर्यादेपर्यंत, दावा सोप्या पद्धतीने सोडवायचा आहे. सगळी कागदपत्रे दिल्यावर १५ दिवसांत. त्यासाठी इतर वारसांची ना-हरकत आणि हमीपत्र लागते. वारसांत वाद असेल तर ही सोय मिळत नाही.

शेअरसाठी सेबीने २०२२ मध्ये ठरवलेली मर्यादा कागदी शेअरना प्रत्येक कंपनीमागे ५ लाख आणि डीमॅटला प्रत्येक खातेदारामागे १५ लाख अशी आहे. तिच्या आत सक्सेशनशिवाय नाव बदलते. विकास सोसायटी, साखर कारखाना, पतसंस्था यांचे भाग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीला, ती नसेल तर वारसाला वर्ग होतात. तिथे संस्थेचे उपविधी मागून वाचा. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या वरच्या निर्देशांत येत नाही, कारण ती बँक नाही. तिच्या ठेवीवर तिचा स्वतःचा नियम चालतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो "कोर्टाचा दाखला आणा" असाच असतो.

आता एक उदाहरण मांडू. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, दिंडोरीला थोडा द्राक्षमळा असलेले गृहस्थ वारले. सक्सेशन झाल्यावर चार गोष्टी सापडल्या. पोस्टातली मासिक प्राप्ती योजना, ४,५०,००० रुपये. पंचवटीतल्या पतसंस्थेची ठेव, २,४०,०००. एका कंपनीचे १२० डीमॅट शेअर, दर ८५० धरून १,०२,०००. आणि द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून यायचे १,७५,०००. बेरीज ९,६७,०००. घाईने अर्ज केला तर फी एवढ्यावर. पण पोस्टात पत्नीचे नामनिर्देशन निघाले, ती रक्कम वजा. शेअर मर्यादेच्या आत, तेही वजा. उरले पतसंस्था आणि व्यापारी मिळून ४,१५,०००. आधीच्या निम्म्याहून कमी रकमेवर फी. हे काम वकिलाचे नाही, घरच्यांनी चार शाखांत जाऊन करायचे आहे.

व्यापाऱ्याच्या बाबीकडे जरा थांबून पाहा, कारण निफाड, दिंडोरी, चांदवडच्या घरांत ती वारंवार येते. मयताने स्वतः विकलेल्या मालाची किंमत हे येणे आहे. ते सक्सेशनमध्ये घालावे लागते, कारण कलम २१४ प्रमाणे दाखला हजर केल्याशिवाय देणेकऱ्यावर हुकूमनामा होत नाही. जमीन खंडाने दिली असेल तर तिचा खंड मात्र त्या कलमातून वगळलेला आहे. तो यादीत घालून फी भरणे म्हणजे वाया खर्च. आणि मुदत विसरू नका. मालाच्या किंमतीची किंवा हातउसन्या पैशाची वसुली साधारण तीन वर्षांत दाव्याला यावी लागते. ३७६ चा अर्ज पडून आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. मुदत संपत आली असेल तर दावा आधी दाखल करा. कलम २१४ हुकूमनामा अडवते, दावा दाखल करणे अडवत नाही. दाखला हुकूमनाम्याआधी हजर केला की चालते.

शाखेकडून घ्यायचे पत्र

उरलेल्या प्रत्येक बाबीसाठी संस्थेचे सही-शिक्क्याचे पत्र घ्या. पासबुकाची झेरॉक्स पुरत नाही. पत्रात खातेदाराचे नाव त्यांच्या नोंदीत जसे आहे तसे, खाते किंवा ठेव पावती क्रमांक, मृत्यूच्या तारखेची शिल्लक, आजची शिल्लक, खाते एकट्याचे की संयुक्त, आणि नामनिर्देशन आहे की नाही, एवढे सगळे हवे. शाखा तोंडी सांगते आणि लेखी द्यायला टाळते. तेव्हा मृत्यूचा दाखला आणि मूळ सक्सेशनची नक्कल जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुम्ही त्याच मयताचे कोर्टाने नेमलेले दाखलेधारक आहात, हे त्या नकलेतून दिसते.

नावाचा मेळ इथेच घाला. एका पावतीवर "दत्तू", दुसरीवर "दत्तात्रय", मृत्यूच्या दाखल्यात "दत्तात्रेय". तिन्ही एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्र अर्जासोबत जोडा आणि हुकुमात "उर्फ" लिहून मागा. नंतर शाखेने अडवले तर याच एका शब्दासाठी पुन्हा कोर्टात यावे लागते.

अर्ज कुठे आणि कसा

मूळ दाखला ज्या कोर्टाने दिला तिथेच. नाशिक शहरातल्या मयताचा दाखला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातून, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडून घेतलेला असेल तर तिथे. निफाड किंवा मालेगावच्या कोर्टाचा असेल तर अर्ज निफाड किंवा मालेगावलाच. कुटुंब आता नाशिकला राहायला आले म्हणून कोर्ट बदलत नाही.

मूळ प्रकरण निकाली निघून फाईल अभिलेख कक्षात गेलेली असते. तिचा क्रमांक आणि निकालाची तारीख हाताशी ठेवा. हरवली असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा. सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) मिळाला की पुढचे सगळे सोपे होते. नक्कल विभागातून मूळ हुकूम आणि मूळ दाखला यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. या नकला यायला वेळ लागतो, म्हणून बँकेची पत्रे गोळा करतानाच नकलेचा अर्ज देऊन ठेवा.

अर्जाचे शीर्षक असे चालते: "मूळ दिवाणी किरकोळ अर्ज क्र. अमुक मध्ये दिलेल्या उत्तराधिकार प्रमाणपत्राची व्याप्ती भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ३७६ अन्वये वाढवून मिळणेबाबत." आत मूळ दाखल्याची तारीख आणि त्यातल्या रकमेची बेरीज द्या. नवी बाब केव्हा आणि कशी कळली, मूळ अर्जाच्या वेळी का घातली नाही, तेही लिहा. हे कारण खरे आणि साधे असावे. "पावती दिनांक अमुक रोजी कपाटात मिळाली, शाखेचे पत्र दिनांक अमुकचे" एवढे पुरते. मूळ दाखला रद्द झालेला नाही आणि या इस्टेटीवर प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) किंवा प्रशासनपत्र निघालेले नाही, हे स्पष्ट लिहा. वारसांची आजची यादी द्या. मधल्या काळात एखादा वारस वारला असेल तर त्याचे वारस घाला. तेव्हाचा अज्ञान मुलगा आता १८ पूर्ण असेल तर त्याची स्वतःची ना-हरकत घ्या, आईची सही चालणार नाही.

मागणीत दोन शब्द विसरू नका. पहिला, "व त्यावरील प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंतचे व्याज". यादीत नुसते "२,४०,०००" असेल तर काही शाखा तेवढेच देतात आणि वरच्या व्याजासाठी नवा हुकूम मागतात. दुसरा, शेअर आणि रोख्यांसाठी "व्याज व लाभांश घेण्याचा तसेच हस्तांतर करण्याचा अधिकार". कलम ३७६ च्या दुसऱ्या पोटकलमात हे अधिकार वाढीव बाबीसाठी वेगळे द्यायची तरतूद आहे. मागितले नाहीत तर मिळतीलच असे नाही.

परिशिष्ट तक्त्यात करा: अनुक्रमांक, संस्थेचे आजचे आणि पूर्वीचे नाव, शाखा, खाते किंवा फोलिओ क्रमांक, बाबीचा प्रकार, शेअर असतील तर संख्या आणि आयएसआयएन (त्या रोख्याचा ओळख क्रमांक), अर्जाच्या तारखेची रक्कम. हाच तक्ता पुढे दाखल्याला जोडला जातो. टायपिंगची चूक इथे राहिली की ती दाखल्यात उतरते. जमा करण्यापूर्वी दोघांनी बसून, एकाने पत्र वाचावे आणि दुसऱ्याने तक्ता पाहावा.

सोबत शपथपत्र, मृत्यूचा दाखला, दोन्ही नकला, संस्थांची पत्रे, ओळखपत्रे आणि इतर वारसांची ना-हरकत शपथपत्रे. मृत्यूच्या दाखल्याची जादा प्रत लागली तर महापालिका हद्दीतला मृत्यू असल्यास विभागीय कार्यालयातून घ्या.

फी, नोटीस, जामीन

कलम ३७९ प्रमाणे वाढीच्या अर्जासोबतच फीइतकी रक्कम कोर्टात अनामत ठेवावी लागते. ती फक्त नव्या बाबींच्या किमतीवर, जुन्या यादीवर पुन्हा नाही. पण दर तोच राहील असे धरू नका. १८७० च्या केंद्रीय कोर्ट फी कायद्यातच मूळ दाखल्याला २ टक्के आणि वाढीव रकमेला ३ टक्के असा फरक ठेवलेला आहे. महाराष्ट्रात १९५९ चा राज्याचा कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीप्रमाणे आकडा वकिलाकडून लेखी काढून घ्या आणि नाझर कार्यालयात पडताळून मगच भरा. कमी भरली तर हुकूम होऊनही दाखला हातात पडत नाही.

इतर वारसांना कोर्ट नोटीस काढू शकते. ना-हरकत शपथपत्रे आधीच फाईलवर असली आणि वारस तारखेला हजर राहून पुरसीस (कोर्टापुढचे लेखी निवेदन) देऊ शकत असले, तर हा टप्पा लवकर आवरतो. नाहीतर बेलिफाची नोटीस, पत्ता चुकीचा, पुन्हा नोटीस असे महिने जातात. कोर्टाने जाहीर नोटीस सांगितली तर ती कोर्टाने ठरवलेल्या दैनिकातच द्यावी आणि अंकाचे पूर्ण पान जपून ठेवावे. कात्रण चालत नाही, तारीख दिसावी लागते.

जामीन हा शेवटचा अडथळा. वाढीव रकमेसाठी कोर्ट नवा बंधपत्र किंवा जादा जामीन मागू शकते. जामीनदार नाशिक जिल्ह्यातला, स्वतःच्या नावावर मिळकत असलेला पाहा आणि त्याचा तहसीलमधून ऐपतीचा दाखला, सातबारा किंवा मिळकत पत्रिका तयार ठेवा. जामीनकतब्यावर (जामीनपत्रावर) सही करायला तो स्वतः लागतो. शेतकरी जामीनदार असेल तर छाटणी किंवा काढणीच्या दिवसांत तो तारखेला येणे कठीण, हे तारीख मागतानाच लक्षात घ्या.

हुकूम झाल्यावर कायद्याच्या आठव्या अनुसूचीतल्या नमुन्यात वाढीव दाखला मिळतो. सही-शिक्क्याच्या नकला संस्थांच्या संख्येपेक्षा दोन जास्त घ्या. मूळ दाखला आणि वाढीव दाखला नेहमी एकत्र दाखवायचे असतात. एखादी शाखा दाखला असूनही वर जामीनदार आणि हमीपत्र मागते. तिला कलम ३८१ दाखवा: यादीतल्या बाबीपुरता दाखला देणेकऱ्यावर निर्णायक असतो आणि सद्भावाने दिलेल्या पैशाबाबत त्याला पूर्ण संरक्षण मिळते. दाखला सगळ्या भारतात चालतो, त्यामुळे मुंबईच्या किंवा सुरतेच्या शाखेने "तिकडच्या कोर्टाचा आणा" म्हणणे चुकीचे.

पैसे दाखलेधारकाच्या खात्यात आले म्हणून ते त्याचे झाले असे नाही. दाखला वसुलीचा अधिकार देतो, हिस्सा ठरवत नाही. वाटपाची रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्या आणि प्रत्येकाची पावती घ्या.

अर्ज कुठे फसतो

दाखलेधारक वारला असेल तर ३७६ बंद. त्याच्या मुलाला तो दाखला वारसाने मिळत नाही. उरलेल्या रकमेसाठी नवा दाखला मागावा लागतो, आणि त्या अर्जात जुन्या दाखल्याची व धारकाच्या मृत्यूची माहिती लपवता येत नाही. दोघांच्या नावे दाखला असेल आणि एक वारला असेल, तर आधी कोर्टाच्या नजरेस तेच आणा.

मूळ अर्जात एखादी बहीण मुद्दाम वगळली असेल, तर वाढीचा अर्ज करताच ते उघडे पडते. लपवाछपवीने मिळवलेला दाखला कलम ३८३ खाली रद्द होऊ शकतो. अशा वेळी वाढीच्या मागे न लागता आधी तिला बोलावून, तिचा हिस्सा मान्य करून, वारसांची यादी दुरुस्त करून घ्या. उशीर झाला तरी हेच करायचे.

कागद प्रशासनपत्राचा असेल तर

इथे अधिकार यादीपुरता नसतो. जिल्हा न्यायाधीशांनी दिलेले प्रशासनपत्र महाराष्ट्रातल्या मयताच्या सगळ्या मालमत्तेला लागते. नवी मालमत्ता सापडली तर वाढीव परिशिष्ट आणि शपथपत्र देऊन कमी पडलेली फी भरायची. कळल्याबरोबर भरा, लांबवले तर दंड लागू शकतो. राज्याबाहेरच्या मालमत्तेसाठी मर्यादा फार लहान आहे: कलम २७३ प्रमाणे १०,००० रुपये. वापीला प्लॉट निघाला तर नाशिकचे पत्र तिथे पुरणार नाही, मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे लागते.

प्रशासकांचा अधिकार बहुधा मुदतीवर अडखळतो. कलम ३१७ प्रमाणे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एक वर्षात जमाखर्चाचा हिशेब कोर्टात द्यायचा असतो. कोर्ट जास्त मुदत देऊ शकते, म्हणून अडचण असेल तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधी अर्ज द्या. काय झाले, काय राहिले, कशामुळे राहिले आणि किती दिवस हवेत ते त्यात लिहा. अपूर्ण यादी असली तरी ती सोबत जोडा. काहीच न देता वर्ष उलटून गेले, तर वाजवी कारणाशिवाय हिशेब न देणे हेच कलम २६३ खाली पत्र रद्द व्हायला पुरेसे कारण ठरते.

घर किंवा जमीन विकायची, गहाण टाकायची किंवा पाच वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची असेल, तर कलम ३०७ प्रमाणे कोर्टाची आधी परवानगी हवी. इसार घेऊन मग परवानगीला जाणारे प्रशासक अडचणीत येतात. परवानगीशिवाय झालेला व्यवहार हितसंबंध असलेला कोणीही रद्द करून मागू शकतो. अर्जात मूल्यांकन, खरेदीदाराची लेखी तयारी, विक्रीचे कारण आणि पैशाचे काय होणार ते लिहा.

पत्रच मर्यादित काळासाठी दिलेले असेल, उदाहरणार्थ अज्ञान वारस सज्ञान होईपर्यंत, तर ती तारीख आली की अधिकार आपोआप संपतो आणि जुन्या पत्रावर मुदतवाढ मागून भागत नाही. इस्टेटीचा काही भाग उरला असेल तर कलम २६० प्रमाणे, ज्यांना मूळ पत्र मिळू शकले असते त्यांच्या नावे नवे पत्र निघते. त्या मुलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या सहा महिने आधी कागद काढून बसा. त्या दिवसानंतर केलेल्या प्रत्येक सहीला आव्हान मिळू शकते.